नेट गेल्यावर काय चालू राहतं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. वीस मिनिटांच्या वर जायचं नाही आणि आपलं काम सगळ्यांना कळेल असं सांगायचं. पहिली अट सोपी आहे. दुसरीची पंचाईत अशी, की माझ्या कामाचं नाव ‘एज कॉम्प्युटिंगमधलं वर्कलोड ऑर्केस्ट्रेशन’ असं आहे आणि ते ऐकल्यावर आमच्या घरचेसुद्धा ‘बरं, बरं’ म्हणून चहा ठेवायला उठतात. तेव्हा ते नाव तूर्त बाजूला ठेवू आणि दूध डेअरीत जाऊ.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी दुभती जनावरं होती, काहींच्या अजूनही आहेत. गावातल्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सहाला काय चित्र असतं ते त्यांना सांगायला नको. कॅन, किटल्या, कुणी चालत, कुणी सायकलवर, आणि रांग. पूर्वी मापानं दूध मोजायचे आणि सचिव वहीत लिहायचे. आता काट्यावर वजन होतं, थोडा नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ, यांचे आकडे येतात. कोपऱ्यातला छोटा संगणक ते आकडे दरपत्रकाशी जुळवतो आणि पावती छापून देतो. दहा दिवसांच्या पावत्यांची बेरीज म्हणजे त्या घरचं बिल. किराणा, पोरांची फी, पेंडीची उधारी, सगळं त्यातून भागतं.

हा जो कोपऱ्यातला संगणक आहे, वर गणपतीचं कॅलेंडर, शेजारी उदबत्तीचं घर, खाली उंदरांनी कुरतडलेली वायर, त्याला आमच्या धंद्यात ‘एज’ म्हणतात. एज म्हणजे कड. मध्यावर असतात ती मोठी डेटा सेंटरं, नवी मुंबईला जशी आहेत तशी: थंडगार हवा, दुहेरी वीज, जनरेटर, चोवीस तास पहारा आणि हजारो यंत्रं. क्लाउड क्लाउड म्हणतात ते हेच. ढग वगैरे काही नाही, मोठी गोदामं आहेत.

मग सगळंच काम तिथे का करत नाहीत? पहिलं कारण अंतर. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे नुसतं जाऊन यायलाच सव्वाशे मिलिसेकंद लागतात आणि त्यात कितीही पैसे ओतले तरी घट होत नाही. विज्ञानाच्या तासाला शिकलेला वेग इथे आडवा येतो. पैसे पाठवायला एवढा उशीर चालतो, धावतं यंत्र अचानक थांबवायचं असेल तर चालत नाही. दुसरं कारण माहितीचा ढीग. जिनिव्हाजवळच्या सर्नच्या प्रयोगात प्रोटॉनचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांना छेदतात. त्या सगळ्याची नोंद कुठे पाठवणंच शक्य नाही. म्हणून यंत्रालगतची इलेक्ट्रॉनिक्स तिथल्या तिथे ठरवते काय ठेवायचं, आणि पहिल्याच चाळणीत सेकंदाला लाखभर नोंदी उरतात. आपल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली मंडळीही तिथल्या सीएमएस प्रयोगात आहेत.

तिसरं कारण सगळ्यात साधं. नेट जातं. रस्त्याच्या कामात जेसीबी केबल तोडतो, वळवाच्या पावसात टॉवरची वीज जाते आणि त्याची बॅटरीही संपते. म्हैस मात्र नेटची वाट बघत नाही.

इथपर्यंत कुणालाही पटेल. संगणक केंद्रावर ठेवा, झालं काम. पण असे संगणक एक-दोन नसतात, शेकड्यांनी असतात आणि प्रत्येक वेगळ्या गावात. एकेकावर पाच-सात प्रोग्राम: एक काट्याशी बोलणारा, एक फॅटच्या यंत्राशी, एक पावतीचा, एक हिशेबाचा, एक वर संघाकडे आकडे पाठवणारा. कुठल्या संगणकावर कुठला प्रोग्राम, त्याची कितवी आवृत्ती, तो चालू आहे का, पडला तर कुणी उठवायचा, नवी आवृत्ती आली तर कधी बसवायची, हे सगळं सांभाळणं म्हणजे ऑर्केस्ट्रेशन. लग्नातल्या बँडमध्ये पुढे काठी घेऊन चालणारा मास्तर स्वतः काहीच वाजवत नाही, तसं माझं आहे.

प्रोग्राम गावोगाव पाठवायचा तर तो ‘कंटेनर’मध्ये घालतात. हा डबा समजा. पोळी, भाजी, लोणचं, चमचा, सगळं आत. ज्याच्या घरी डबा उघडाल तिथे मीठ आहे का हे विचारावं लागत नाही. असे डबे हजारो यंत्रांवर कसे वाटायचे आणि सांभाळायचे, याचा मोठा अनुभव गूगलकडे होता. त्यांच्या आतल्या व्यवस्थेचं नाव बोर्ग. त्या अनुभवावरून त्यांनी २०१४ साली एक नवी व्यवस्था सगळ्या जगाला खुली केली, तिचं नाव कुबरनेटिस. ग्रीक शब्द आहे, अर्थ सुकाणू धरणारा. कोकणातल्या मंडळींनी त्याला तांडेल म्हणायला हरकत नाही, मीही आता तेच म्हणते.

या तांडेलाची पद्धत मला फार आवडते. त्याला हुकूम द्यायचे नसतात. ‘हा प्रोग्राम सुरू कर, मग तो बंद कर’ असं काही नाही. आपण फक्त लिहून ठेवायचं, की या प्रोग्रामच्या तीन प्रती चालू असल्या पाहिजेत. तो सतत दोन गोष्टी ताडून पाहतो: असायला काय हवं आणि आहे काय. फरक दिसला की मिटवतो. एक प्रत मेली तर दुसरी उठवतो, चार झाल्या तर एक बंद करतो. माझी आजी म्हणायची, दिवेलागणीला अंगण झाडलेलं दिसलं पाहिजे. कोण झाडतं याच्याशी तिला देणंघेणं नसायचं. अंगण झाडलेलं नसलं की मात्र घरातल्या कुणाची तरी पाठ सडकली जायची.

आता गोम ऐका. या तांडेलाच्या हाताखालचं प्रत्येक यंत्र थोड्या थोड्या वेळानं ‘हजर’ म्हणतं. पाऊण मिनिटाच्या आसपास ही हजेरी आली नाही, की ते यंत्र आजारी धरायचं. त्यावर आणखी पाच मिनिटं गप्प राहिलं, की त्याचं काम काढून दुसऱ्या यंत्राला द्यायचं. ही मूळची ठेवण, ती बदलता येते, पण तिच्यामागचा विचार बघा. डेटा सेंटरमध्ये तो अगदी बरोबर आहे. तिथे हजारो यंत्रं एकसारखी असतात, एकमेकांशी बोलणाऱ्या तारा पक्क्या असतात. एखादं बोलेना तर ते बिघडलेलंच असणार. शेजारचं घ्यायचं आणि पुढे जायचं.

हेच डेअरीत लावून बघा. सकाळी सव्वासहाला नेट गेलं. केंद्रावरचा संगणक ठणठणीत आहे, पावत्या छापतोय. मुख्यालयाला मात्र त्याची हजेरी मिळत नाही. मुख्यालय म्हणणार, गेला बिचारा, त्याचं काम दुसऱ्याला द्या. दुसऱ्या कुणाला? शेजारच्या गावच्या संगणकाला? त्याच्या काट्यावर या गावचं दूध कसं येणार? आणि वीस मिनिटांनी नेट परत आलं की मुख्यालय या ठणठणीत संगणकाला सांगणार, तुझं काम काढून घेतलंय, पावतीचा प्रोग्राम बंद कर. ऐन रांगेत. म्हणजे हजेरीला आवाज ऐकू आला नाही म्हणून सरांनी पोराचा दाखला काढला आणि दुसऱ्याच पोराला त्याच्या घरी जेवायला पाठवलं!

कडेच्या यंत्रांचं काम जागेला बांधलेलं असतं. जिथे काटा तिथेच ते होणार. म्हणून कडेचं यंत्र गप्प झालं तर ते कामात आहे असंच धरून चालायचं, या एका गोष्टीवर माझा सगळा धंदा उभा आहे. डेटा सेंटरमध्ये वाढलेल्या हुशार मुलांना हे पटवताना माझे दोन-दोन तास जातात, कारण त्यांच्या बोटांना उलटी सवय असते.

याच्याही पुढचा एक सापळा आहे. नेट गेलेलं असताना वीजही गेली, मग वीज आली, नेट नाही आलं. संगणक उठला. आपण काय काय चालवायचं, ही यादी मूळ पद्धतीत मुख्यालयाकडे असते. हा विचारायला जातो तर पलीकडे कुणी नाही. मग तो नुसता बसून राहतो. यंत्र चांगलं, डबे सगळे डिस्कवर आहेत, पण उघडायचे कुठले हे सांगायला कुणी नाही. कुबरनेटिस कडेला नेण्यासाठी ज्या खास व्यवस्था निघाल्या, हुआवेनं सुरू केलेली क्यूबएज किंवा अलीबाबाची ओपनयर्ट, त्यांनी प्रामुख्यानं हेच केलं, की या यादीची प्रत यंत्राजवळ ठेवली. मुख्यालय दिसत नसेल तर शेवटची माहीत असलेली यादी खरी मानायची आणि कामाला लागायचं.

रँचर नावाच्या कंपनीनं २०१९ साली छोट्या यंत्रांसाठी तांडेलाची हलकी आवृत्ती काढली, शंभर एमबीच्या आतली एक फाइल. तिचं नाव के-थ्री-एस. हे नाव कसं पडलं त्याची गंमत आहे. कुबरनेटिसचं इंग्रजी स्पेलिंग दहा अक्षरांचं, म्हणून लोक आळसानं ‘के-एट-एस’ लिहितात, पहिलं के, शेवटचं एस, मधली आठ गाळलेली. ही आवृत्ती निम्म्या वजनाची, म्हणून नावही निम्मं, पाच अक्षरांचं, मधली तीन गाळलेली. पण ते पाच अक्षरी नाव कुणी ठेवलंच नाही. नुसतंच के-थ्री-एस. टोपणनाव आहे, बारशाचं नाव नाही, अशी मुलं आपल्याही वर्गात होती.

अमेरिकेत चिक-फिल-ए नावाची चिकन सँडविचची साखळी आहे. तिच्या दोन हजारांहून अधिक दुकानांत, प्रत्येकी तीन छोटे संगणक ठेवून त्यावर कुबरनेटिस चालवतात. त्यांच्या अभियंत्यांनी याविषयी सविस्तर लिहिलं आहे आणि आमच्या क्षेत्रात ते सगळ्यांनी वाचलेलं असतं. तीनच का? बहुमतासाठी. दोनच असले आणि त्यांच्यामधली तार तुटली, तर प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला, आता मीच कारभारी. मग दोघंही हिशेब लिहीत सुटतात आणि संध्याकाळी दोन वेगळे हिशेब समोर येतात. तीन असले की दोघांचं जमेल तो निर्णय, एकटा पडलेला गप्प बसतो. ग्रामपंचायतीच्या बैठकीला आपण कोरम म्हणतो, तोच प्रकार.

गावच्या दूध संस्थेला तीन संगणक परवडत नाहीत. तिथे एकच. तो बिघडला तर काय, असं मला गेल्या वर्षी एका सभेत विचारलं. मी सांगितलं, वही. लोक हसले, पण मी गंमत करत नव्हते. आमच्या आराखड्यात वहीला रीतसर जागा आहे. वहीतल्या नोंदी नंतर भरायला वेगळा स्क्रीन आहे आणि अशी नोंद ‘वहीवरून’ म्हणून कायमची वेगळी ओळखू येते.

आता दराबद्दल बोलते, कारण माझ्या मते या सगळ्यात खरा धोका तिथे आहे. समजा संघानं ठरवलं, एक तारखेच्या सकाळपासून दर वाढला. सरळ विचार काय? आदल्या रात्री नवं दरपत्रक सगळ्या केंद्रांना पाठवून द्या. ज्या गावाला त्या रात्री नेट नव्हतं, त्याला ते तीन दिवसांनी मिळालं. तीन दिवस त्या गावाच्या दुधाला जुना दर लागला. आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण काहीही बंद पडलेलं नसतं. पावती स्वच्छ छापलेली असते. लिटर बरोबर, फॅट बरोबर, गुणाकार बरोबर. फक्त त्या गावाला पैसे कमी मिळालेले असतात. यंत्र बंद पडलं तर दहा माणसं फोन करतात. यंत्र चुकीचं चालू राहिलं तर कुणीच करत नाही.

यावरचा उपाय आपल्या पोस्टमनलाही सुचला असता. पत्र आधी टाकायचं आणि आत तारीख लिहायची. दरपत्रक पाच-सहा दिवस आधीच निघतं, त्यात लिहिलेलं असतं की अमुक तारखेच्या सकाळच्या संकलनापासून लागू. यंत्र ते ठेवून घेतं आणि वेळ आली की स्वतः बदलतं, त्या क्षणी नेट असो वा नसो. ज्या केंद्रांकडून पोच आली नाही, त्यांची नावं मुख्यालयात लाल होतात आणि मग माणूस फोन करतो. फोनही लागला नाही तर दुधाच्या गाडीबरोबर पेन ड्राइव्ह जातो. शिवाय प्रत्येक पावतीवर, कितव्या दरपत्रकानं हिशेब केला तो क्रमांक छापलेला असतो. एवढं करूनही एखादं गाव सुटलंच, तर त्या क्रमांकावरून फरक काढून पुढच्या बिलात देता येतो. पावतीवर तो आकडा बारीक टायपात असतो, तो कुणी वाचत नाही, आणि तो काढून टाकून जागा वाचवा असं मला किमान तीनदा सुचवलं गेलं आहे.

उलट दिशेचंही तसंच. केंद्रावरच्या पावत्या वर पाठवल्या, वर पोचल्या, पण ‘पोचल्या’ हा निरोप येता येता नेट गेलं. यंत्राला वाटतं, पोचल्याच नाहीत, ते पुन्हा पाठवतं. नुसती बेरीज करणारा प्रोग्राम असेल तर त्या दिवशी गावानं दुप्पट दूध घातल्याचं दिसेल. म्हणून प्रत्येक पावतीला असा क्रमांक द्यायचा की तो साऱ्या संघात दुसऱ्या कुणाचा नसेल, आणि तोच क्रमांक दहा वेळा आला तरी एकदाच धरायचा. मनीऑर्डरची पोच आली नाही म्हणून घरचे दुसरी मनीऑर्डर करत नसत, आधी पहिलीचा नंबर घेऊन चौकशी करत.

घड्याळाचा त्रास मात्र मला आधी कुणी सांगितला नव्हता. काही छोट्या संगणकांत घड्याळाला स्वतःची बॅटरीच नसते. वीज गेली की वेळ विसरायची, नेट आलं की विचारून घ्यायची. वीज आली आणि नेट नाही, तर तो भलत्याच तारखेला जागा होतो, कधी कधी थेट १ जानेवारी १९७०. मुख्यालयाशी सुरक्षित बोलायला यंत्राकडे ओळखपत्र असतं, त्याला मुदत असते, बहुतेकदा वर्षभराची. घड्याळ १९७० दाखवत असेल तर यंत्राच्या मते मुख्यालयाचं ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही, म्हणून ते समोरच्यावर विश्वास ठेवत नाही. आणि एखादं केंद्र दुरुस्तीसाठी वर्षभर बंद राहिलं तर त्याचं स्वतःचं ओळखपत्र संपलेलं असतं, मग मुख्यालय त्याला दारात उभं करत नाही. दोन्हीकडे यंत्र चांगलं, नेट चांगलं, तरी बोलणं बंद. शंभर-दीडशे रुपयांची घड्याळाची बॅटरी बसवून घ्या, हा माझ्या एवढ्या वर्षांच्या अनुभवातला सगळ्यात फायदेशीर सल्ला आहे.

आता नवी आवृत्ती बसवण्याबद्दल. १९ जुलै २०२४ तुम्हाला आठवत असेल. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. त्या दिवशी सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, आपल्या वेळेनुसार, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं विंडोजच्या संगणकांसाठी एक छोटी फाइल पाठवली. तिच्यात दोष होता. ७८ मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली. पण तेवढ्यात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले होते. दुरुस्ती तशी किरकोळ, एक फाइल काढून टाकायची. पण जो संगणक उठतच नाही त्याला दुरून सांगणार कसं? बहुतेक ठिकाणी माणसाला प्रत्यक्ष जाऊन कीबोर्डवर बसावं लागलं. विमानतळावर माणूस तरी असतो. आमच्या केंद्रांवर जायचं तर घाट उतरून जावं लागतं.

म्हणून आम्ही नवी आवृत्ती आधी आमच्याच खोलीतल्या यंत्रावर, मग रस्त्याला लागून असलेल्या दोन-तीन केंद्रांवर, तिथे दोन्ही वेळचं संकलन नीट झालं तर आणखी थोड्यांवर, अशी पसरवतो. घाटाखालची गावं सगळ्यात शेवटी. यात घाई करा म्हणणारे बरेच भेटतात. दुसरी सोय अशी, की यंत्राच्या डिस्कवर दोन खोल्या असतात. जुनी आवृत्ती एकीत चालू असताना नवी दुसरीत बसते. मग यंत्र नव्या खोलीत उठतं. ठरलेल्या वेळात काटा, फॅटचं यंत्र आणि प्रिंटर या तिघांशी बोलणं जमलं, तर नवी आवृत्ती पक्की. नाही जमलं तर ते आपोआप जुन्या खोलीत परत जातं, कुणाला न विचारता. २०१६ पासून अँड्रॉइड फोनमध्येही ही दोन खोल्यांची सोय आली. यात कळीचं वाक्य ‘न विचारता’ हे आहे. चुकीच्या आवृत्तीनं नेटच बंद पाडलं असेल, तर विचारणार कुणाला?

कड किती लांब असू शकते याचं एक उदाहरण सांगून पुढे जाते. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते निरर्थक आकडे पाठवायला लागलं. तेव्हा ते आपल्यापासून सुमारे २,४०० कोटी किलोमीटरवर होतं, निरोप पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला आणखी तेवढेच. नासाच्या लोकांनी शोधून काढलं की एका संगणकाच्या स्मृतीतली एक चिप गेली आहे. तिच्यावरचा प्रोग्राम एकत्र मावेल एवढी मोकळी जागा दुसरीकडे कुठेच नव्हती. म्हणून त्यांनी त्याचे तुकडे केले, वेगवेगळ्या फटींत बसवले, एकमेकांचे पत्ते दुरुस्त केले आणि १८ एप्रिल २०२४ ला पहिला तुकडा पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, यान नीट बोलू लागलं. आपण मराठी शाळेत पाढे म्हणत होतो त्याच्याही आधीचं ते यंत्र आहे. त्यावर प्रोग्राम हलवता येतात, पण तिथे कुणाला पाठवता येत नाही. आमच्या ऑफिसात कुणी ‘घाटाखाली नेट फार हळू आहे’ अशी तक्रार केली की मी हे सांगते.

शेवटचा मुद्दा, आणि त्यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. केंद्रावरच्या स्क्रीनवर आम्ही एक बटण ठेवलं आहे, ‘आज नको’. नवी आवृत्ती संकलनाच्या वेळा सोडून दुपारीच बसते, पण त्याआधी सचिवांना सूचना दिसते, आणि त्यांनी ते बटण दाबलं तर त्या दिवशी काही होत नाही. बटणाला बराच विरोध झाला. म्हणणं असं, की सोय दिली की लोक रोज ‘आज नको’ म्हणणार, यंत्रं जुनी राहणार आणि सुरक्षेची भोकं उघडी राहणार. म्हणणं खोटं नाही. पण उद्या बिल वाटायचं आहे, गावची जत्रा आहे, प्रिंटर कालपासून कुरकुरतोय, हे मुख्यालयाच्या कुठल्याही पडद्यावर दिसत नाही. ते त्या खोलीत बसलेल्या माणसालाच ठाऊक असतं. आणि पावती चुकली तर सकाळी सहाला रांगेतला माणूस माझ्याशी भांडायला येत नाही, सचिवांशी भांडतो. मग त्यांना एक दिवस थांबवण्याचा हक्क नको?

सध्या नियम असा आहे: तीनदा ‘आज नको’ म्हणता येतं, चौथ्या दिवशी आवृत्ती बसतेच. सुरक्षेची दुरुस्ती असेल तर एकदाच. तीनच का, याचं तांत्रिक उत्तर नाही. काही सचिवांना विचारून ठरवलं. आमच्यातल्या काहींना तो आकडा एकवर आणायचा आहे आणि बिलाचा हिशेब दहा दिवसांचा असल्यानं काही सचिव पाच मागताहेत. आपल्या वर्गातले जे दोघं-तिघं दूध संस्थेत आहेत, त्यांनी जेवताना मला गाठावं. पुढच्या महिन्यात यावर बैठक आहे आणि तिथे रांगेच्या पलीकडच्या बाजूला बसणाऱ्यांचं म्हणणं घेऊन जायचं आहे.